पनामा कालव्याचे घरगुती अल्बम : छायाचित्र वाचावे कसे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहास शिकवीत. पाठ्यपुस्तकातील चित्रावर बोट ठेवून ते एकच प्रश्न विचारीत : ‘या चित्रात कोण दिसत नाही?’ आम्ही दिसणाऱ्यांची नावे घडाघडा सांगत असू. न दिसणाऱ्यांबद्दल मात्र गप्प बसत असू. मराठीच्या प्राध्यापकाने हजारो मैलांवरच्या एका कालव्याविषयी बोलावे याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. परंतु मी आज बोलणार आहे ते वस्तुतः गुरुजींच्या त्या प्रश्नाविषयीच. त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते पनामा कालव्याच्या बांधकामाच्या काळात तेथील नोकरदारांनी आपल्या हौसेखातर तयार केलेल्या छायाचित्रांच्या अल्बमांचे.

असे अल्बम आज अमेरिकेतील अनेक अभिलेखागारांत जतन करून ठेवलेले आहेत. कालव्यावर काम केलेल्या कुटुंबांनी जपलेल्या वस्तूंचे एक संग्रहालय फ्लोरिडा राज्यात होते. ते २०१२ साली बंद झाले आणि त्याचा संग्रह फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपविण्यात आला. ए. बी. निकोल्स या अभियंत्याने कालव्यासंबंधी जमविलेले कागद, नकाशे आणि छायाचित्रे कॅन्सस सिटी येथील लिंडा हॉल ग्रंथालयात आहेत. राजकारणी, सेनापती आणि कवी यांचे कागद जपावेत हे सर्वांना पटते. परंतु एखाद्या कारकुनाने, यंत्रचालकाने किंवा त्याच्या पत्नीने काळ्या कागदावर चिकटविलेली चित्रे का जपावीत? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण आपल्याच घरातील कपाटापर्यंत येऊन पोहोचतो, असा माझा अनुभव आहे.

कालव्याची हकीकत

प्रथम कालव्याची कथा थोडक्यात सांगतो. अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांना विभागणारी पनामाची चिंचोळी भूमी खणून जलमार्ग काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेंचांनी केला. सुवेझ कालव्याचे यश पदरी असलेले फर्दिनांद द लेसेप्स त्या कंपनीचे धुरीण होते. १८८१ साली काम सुरू झाले आणि १८८९ साली कंपनी बुडाली. पीतज्वर आणि हिवताप यांनी तेथे थैमान घातले. या काळात सुमारे २० हजार माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज केला जातो.

१९०३ च्या नोव्हेंबरात पनामा कोलंबियापासून वेगळा झाला. त्याच महिन्यात झालेल्या तहाने कालव्याचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि ४ मे १९०४ रोजी अमेरिकेने फ्रेंचांची उरलीसुरली मालमत्ता ताब्यात घेतली. जॉन वॉलेस, जॉन स्टीव्हन्स आणि जॉर्ज गोएथल्स असे तीन मुख्य अभियंते एकामागून एक झाले. समुद्रसपाटीवरच कालवा खणण्याचा हट्ट सोडून देऊन चाग्रेस नदीवर गातून येथे प्रचंड धरण बांधायचे, त्यामागे साठणाऱ्या सरोवरातून जहाजे न्यायची आणि दोन्ही टोकांना लॉक, म्हणजे दारे असलेले पाण्याचे अजस्र हौद, बांधून जहाजांना पायरीपायरीने वर चढवायचे व खाली उतरवायचे, अशी योजना ठरली. प्रत्येक हौद १००० फूट लांब आणि ११० फूट रुंद. पाणी सोडले की जहाज आपोआप वर उचलले जाते. त्यासाठी पंप लागत नाही, पाणी सरोवरातून आपल्याच भाराने खाली येते. अशा रीतीने जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर जाते, सरोवर ओलांडते आणि पलीकडच्या समुद्रात उतरते. सबंध मार्ग सुमारे ८० किलोमीटरांचा आहे.

कामाचा सर्वांत बिकट भाग होता तो कुलेब्रा येथील डोंगर कापण्याचा. वाफेवर चालणारी खोदयंत्रे, मातीने भरलेल्या आगगाड्या आणि सुरुंग यांचा तेथे वर्षानुवर्षे अखंड गदारोळ चालला. डोंगर कापावा आणि पावसाळ्यात दरड कोसळून खणलेला भाग पुन्हा भरावा, असे कितीदा घडले. १० ऑक्टोबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबली आणि तारेवरून गेलेल्या त्या संदेशाने गांबोआ येथील बांध सुरुंगाने उडाला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज कालव्यातून पार गेले आणि कालवा वाहतुकीस खुला झाला. ३१ डिसेंबर १९९९ रोजी तो पूर्णपणे पनामा देशाच्या स्वाधीन झाला.

सरकारी कॅमेरा आणि हौशी कॅमेरा

या बांधकामाची अधिकृत छायाचित्रे काढण्यासाठी १९०७ साली अर्नेस्ट हॅलन यांची नेमणूक झाली. त्यांनी तीस वर्षे हे काम केले. त्यांच्या चित्रांवर क्रमांक आहे, तारीख आहे, स्थळ आहे. एकाच जागेचे चित्र ते ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घेत, म्हणजे भिंत किती उंच झाली आणि खड्डा किती खोल गेला ते वरिष्ठांना कळावे. हा एक प्रकारचा जमाखर्चच होता. फक्त तो आकड्यांऐवजी काचेवर मांडलेला होता.

हौशी छायाचित्रकाराची गोष्ट निराळी. १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा एक डॉलर किंमतीचा खोकाकॅमेरा काढला. छायाचित्र काढणे हे त्यामुळे व्यावसायिकाच्या हातून निसटून कोणाच्याही हाती आले. पुढे घडीचे कॅमेरे आले. त्यांतील एकाने तर थेट पोस्टकार्डाच्या मापाचे चित्र काढता येई. घरापासून दूर, दमट हवेच्या परक्या मुलुखात नोकरीस गेलेल्या तरुणाला आपण काय पाहतो आहोत ते आईवडिलांना दाखवावेसे वाटणे अगदी स्वाभाविक होते. जगातील सर्वांत मोठे बांधकाम आपल्या डोळ्यांदेखत होत आहे याची जाणीवही त्या लोकांना होती. म्हणून अल्बम निघाले.

हे काम सोपे मात्र नव्हते. फिल्मवरचा आणि छापील चित्रावरचा थर जिलेटिनचा असतो. उष्ण प्रदेशात धुण्याचे पाणी कोमट झाले की तो थर मऊ होऊन सुटू लागतो. हवेतील ओलाव्याने बुरशी धरते, कसर लागते. म्हणून या अल्बमांतील डागाळलेल्या, कडेने विरलेल्या चित्रांकडे केवळ नासधूस म्हणून पाहू नये. तो डागही त्या हवेचा पुरावाच आहे.

अल्बमात काय असते?

यांपैकी बऱ्याच अल्बमांची ठेवण एकमेकांशी मिळतीजुळती असते. यंत्रे हा सर्वांचा आवडता विषय : खोदयंत्राचा जबडा, रुळांवरून घसरलेला डबा, कोसळलेली दरड, सुरुंगाचा धूर. त्यानंतर लॉकच्या काँक्रीटच्या भिंती, आणि त्यांच्या प्रचंड दारांपाशी मुद्दाम उभा केलेला एखादा माणूस, जेणेकरून दाराची उंची ध्यानात यावी. मग घरे : लाकडी, खांबांवर उचललेली, व्हरांड्याला सर्व बाजूंनी बारीक तारेची जाळी लावलेली. व्हरांड्यात डुलती खुर्ची, तान्हे मूल, नाताळचा समारंभ, ४ जुलैच्या शर्यती, बेसबॉलचा संघ. आणि कोठेतरी मधूनच बाजारात विकत मिळणारी पोस्टकार्डे. त्यांत १९०६ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट भर पावसात खोदयंत्रावर चढून बसले होते तो प्रसंगही हमखास शोधावा.

येथे वाचकाने पहिली सावधगिरी बाळगावी ती ही की, अल्बमातील प्रत्येक चित्र अल्बमकाराने काढलेले असतेच असे नाही. विकत घेतलेले, मित्राने दिलेले आणि स्वतः काढलेले अशी तिन्ही चित्रे शेजारी शेजारी नांदतात. कागदाचा जाडपणा, मागील छापील मजकूर, चित्राचे माप आणि कोपऱ्यातील क्रमांक यांवरून ती वेगळी काढता येतात. दुसरी सावधगिरी अशी की, चित्रांखालचा मजकूर केव्हा लिहिला गेला हे पाहावे. काळ्या पानावर पांढऱ्या शाईने लिहिलेला मजकूर एकटाकी असेल तर तो बहुधा एका बैठकीत, म्हणजे स्मृतीवरून लिहिलेला असतो. चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा त्याहून जुनी व अधिक भरवशाची ठरते. दोहोंत विरोध आढळला तर मागील बाजूचा कौल आधी ऐकावा.

तारीख कशी ठरवावी?

हौशी चित्रावर तारीख नसते हे खरे. परंतु बांधकाम हेच स्वतः एक घड्याळ असते. गातूनच्या लॉकचे काँक्रीट १९०९ च्या ऑगस्टात पडू लागले. तेव्हा चित्रात त्या भिंती दिसत असतील तर चित्र त्यानंतरचे. नदीच्या खोऱ्यातून जाणारी जुनी रेल्वे सरोवरात बुडणार होती म्हणून नवा मार्ग बांधण्यात आला. तो १९१२ साली पुरा झाला. २० मे १९१३ रोजी दोन्ही बाजूंनी खणत आलेली खोदयंत्रे कुलेब्राच्या तळाशी एकमेकांना भेटली. कुलेब्राच्या तळाशी सबंध कालवाभर पाणी आणि त्यावर बोटी दिसत असतील, तर चित्र १० ऑक्टोबर १९१३ नंतरचे समजावे. ‘कॅनॉल रेकॉर्ड’ नावाचे सरकारी साप्ताहिक १९०७ च्या सप्टेंबरापासून निघत असे. त्यातील आठवड्याआठवड्याच्या नोंदी आणि हॅलन यांची क्रमांकित चित्रे शेजारी ठेवली की निनावी चित्रालाही महिना सापडू शकतो.

पोथ्यांवर काम करणाऱ्यांना ही पद्धत परिचयाची वाटेल. लिपीचे वळण, कागद, शाई आणि आतील उल्लेख यांवरून आपण जुन्या पोथीचा काळ ठरवतो. छायाचित्राचा अभ्यासकही तेच करीत असतो. म्हणूनच अल्बम सुटा करून त्यातील ‘चांगली’ चित्रे तेवढी वेगळी काढणे हा मोठा अपराध मानला जातो. कोणते चित्र कोणाच्या शेजारी आहे, कोठे चार कोपरे शिल्लक असून मधले चित्र काढून घेतलेले आहे, कोणते पान रिकामे सोडले आहे, हाही मजकूरच असतो.

जाळीचा व्हरांडा आणि आपले सिकंदराबाद

आता त्या जाळी लावलेल्या व्हरांड्याकडे वळू. अल्बमकाराने ते चित्र आपले घर दाखविण्यासाठी काढले. पण आपणां हैदराबादकरांना त्यात आपल्या गावचा धागा दिसल्यावाचून राहत नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, बेगमपेठ येथे, रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाच्या जंतूंची अवस्था आढळली. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळची ती इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हिवताप दूषित हवेने होतो हा शतकानुशतकांचा समज त्यामुळे ढासळला. पीतज्वराचाही वाहक डास आहे असे मत हवाना येथील कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच मांडले होते. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले.

या ज्ञानाच्या बळावर विल्यम गॉर्गस यांनी पनामात मोहीम उघडली. फ्रेंचांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवीत. त्या भांड्यांतच डासांची पैदास होई आणि रोगी बरा होण्याऐवजी नवा रोग घेई. गॉर्गस यांनी साचलेले पाणी काढून टाकले, डबक्यांवर तेल फवारले, घरोघर धुरी दिली, नळाचे पाणी आणले, खिडक्या-व्हरांड्यांना जाळ्या बसविल्या, क्विनीन वाटले. पनामा शहरातील पीतज्वराचा शेवटचा रोगी १९०५ च्या नोव्हेंबरातला. हिवताप समूळ गेला नाही. परंतु १९०६ साली २६ हजारांवर कर्मचाऱ्यांपैकी २१ हजारांहून अधिक हिवतापाने केव्हा ना केव्हा रुग्णालयात गेले होते, तर १९१२ साली कर्मचारी ५० हजारांवर गेले असताना ही संख्या सुमारे ५,६०० वर आली. एवढा पालट सहा वर्षांत घडला.

मात्र अल्बमाचे पान येथे उलटू नका. जाळीचा व्हरांडा सर्वांच्या वाट्यास आला होता काय?

सोन्याचा पट आणि चांदीचा पट

कालव्यावरील नोकरांचे दोन हजेरीपट होते. एकास ‘सोन्याचा पट’ म्हणत, दुसऱ्यास ‘चांदीचा पट’. पहिल्या पटावरील लोकांना अमेरिकी सोन्याच्या चलनात पगार मिळे, दुसऱ्यांना स्थानिक चांदीच्या नाण्यांत. वरवर पाहता हा पगाराचा भेद. प्रत्यक्षात तो वर्णभेद होता. सोन्याच्या पटावर मुख्यतः गोरे अमेरिकन, चांदीच्या पटावर मुख्यतः वेस्ट इंडीज बेटांतून आलेले कृष्णवर्णीय मजूर. टपालकचेरीच्या खिडक्या, दुकाने, शाळा, भोजनगृहे, शौचालये सारे ‘सोने’ आणि ‘चांदी’ अशा पाट्यांनी विभागलेले होते. एकट्या बार्बेडोस बेटातून जवळजवळ २० हजार माणसे करारावर नेण्यात आली, आणि त्या बेटाची सारी लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास! करार ५०० दिवसांच्या कामाचा, मजुरी ताशी १० सेंट, दिवस १० तासांचा. स्पेनमधून आलेल्या मजुरांना त्याच्या दुप्पट मिळे. पगाराच्या वेळी मजुराने दाखवायचा तो क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला. साहेबाच्या लेखी तो क्रमांक म्हणजेच माणूस.

घरांच्या बाबतीतही तेच. सोन्याच्या पटावरील विवाहितांना फर्निचरसह जाळीची घरे मोफत. चांदीच्या पटावरील पुष्कळसे बराकींत दाटीवाटीने राहत किंवा रानात स्वतःच्या हाताने उभारलेल्या झोपड्यांत. दिवसभर पावसात भिजावे, ओल्या कपड्यांनिशीच झोपावे आणि पहाटे तेच कपडे घालून कामावर जावे. डासाविरुद्धची लढाई जिंकली जात असताना न्यूमोनियाने हे लोक मरत होते, त्याचे कारण हे. सुरुंगांचे अपघात निराळेच. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पो येथे भरलेला सुरुंग अवेळी उडाला आणि वीसहून अधिक माणसे एका क्षणात गेली. अमेरिकी अमदानीत रुग्णालयीन नोंदींनुसार ५,६०९ माणसे रोगाने व अपघाताने दगावली. त्यांपैकी सुमारे ४,५०० कृष्णवर्णीय कामगार होते, तर गोऱ्या अमेरिकनांची संख्या साडेतीनशेच्या आसपास होती.

आता पुन्हा अल्बम उघडा. खोदयंत्राच्या चित्राखाली यंत्राचा क्रमांक असतो. चालकाचे नाव असते. कुत्र्याचेही नाव असते. आणि त्याच चित्रात रुळांवर वाकलेली, पहारी घेतलेली, कॅमेऱ्याकडे क्षणभर मान वर करून पाहणारी वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांच्यासाठी फार तर ‘मजूर’ एवढा एक शब्द. कित्येकदा तोही नाही. छायाचित्रकाराच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. त्याला ती माणसे दिसतच होती, म्हणून तर ती चित्रात आली. नाव विचारावे असे मात्र त्याला सुचले नाही. आणि ते का सुचले नाही, याचे उत्तर त्या दोन पटांत आहे.

तरीही एका बाबतीत हौशी अल्बमांचे उपकार मोठे आहेत. सरकारी चित्रकार भिंतीची उंची मोजत होता. हौशी माणूस रविवारी कॅमेरा घेऊन भटकत होता. त्यामुळे चांदीच्या पटावरील लोकांचे बाजार, त्यांच्या झोपड्या, त्यांची लग्ने, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका, चर्चमधून परतणारी मुले यांची चित्रे जी काही मिळतात, त्यांत अशा अल्बमांचा वाटा फार मोठा आहे. जी गोष्ट महत्त्वाची म्हणून नोंदली गेली नाही, ती केवळ गंमत म्हणून टिपली गेली आणि टिकली.

पाण्याखालची आणि पाण्याबाहेरची गावे

या अल्बमांत गावेही आहेत. गोर्गोना, माताचीन, जुने गातून, एम्पायर : दुकाने, गल्ल्या, चर्च, रेल्वेचे स्थानक असलेली ही नांदती गावे. धरणामुळे सरोवर पसरले आणि ती बुडाली, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. मारिक्सा लासो या पनामाच्या इतिहासकार विदुषीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, सारी गावे पाण्याने गेली नाहीत. १९१२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी हुकूम काढून कालवापट्ट्यातील सारी जमीन कालव्यासाठी आवश्यक ठरविली, आणि त्यानंतर पाणी कधीच पोहोचणार नव्हते अशीही गावे उठविण्यात आली. ‘येथे रानच होते’ असे पुढील पिढ्यांना वाटू लागले. अशा वेळी एखाद्या कारकुनाने सहज काढलेले दुकानांच्या रांगेचे चित्र हे केवढे मोठे साक्षीपत्र ठरते! धरणे आणि विस्थापन हा विषय आपल्या प्रदेशातील कोणालाही नवा नाही. आपल्या बुडालेल्या गावांची चित्रे कोणाकोणाच्या घरी आहेत, हा प्रश्न मात्र आपण अजून विचारलेला नाही.

पन्नास वर्षांनी आलेली पत्रे

चित्रातील निनावी माणसांनी स्वतः काही सांगितले काय? सुदैवाने होय. १९६३ साली पनामातील एका इतिहासमंडळाने एक स्पर्धा जाहीर केली. बांधकामाच्या काळात ज्यांनी काम केले अशा, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या लोकांनी आपले खरे अनुभव लिहून पाठवावेत, असे आवाहन केले. शंभरावर वृद्ध कामगारांनी पत्रे लिहिली. पन्नास वर्षे लोटली होती. बोटे थरथरत होती. काहींचे पाय किंवा हात त्या कामातच गेले होते. सुरुंगात गेलेले सोबती, क्विनीनची कडू चव, पाऊस, ओले कपडे, पहिला पगार हे सारे त्यांच्या भाषेत तेथे उतरले. अल्बमांतील चित्रांना जो आवाज नव्हता तो या पत्रांनी दिला. पुढे १९८० साली पनामा शहरात या लोकांच्या स्मृतीसाठी एक छोटे संग्रहालयही उघडले गेले. चित्र आणि पत्र शेजारी ठेवले म्हणजे इतिहास पुरा होतो असे नाही. पण निदान तो एकाच बाजूने बोलत नाही.

आपल्या घरचे अल्बम

मित्रहो, छायाचित्रण आपल्याकडे काही उशिरा आले नाही. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक असताना या विद्येकडे वळले आणि पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. हैदराबादेत, इंदुरात, बडोद्यात, बेळगावात, ग्वाल्हेरीत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांपाशी अल्बम आहेत. कोणाचे आजोबा रेल्वेत होते, कोणाचे महसुलात, कोणाचे निजामसागरासारख्या धरणाच्या कामावर. ते निजामसागर धरण मांजरा नदीवर १९२३ ते १९३१ या काळात उभे राहिले. ही कुटुंबे भाषेच्या मुख्य प्रदेशापासून दूर असल्यामुळे त्यांचा इतिहास लिहिण्यास कोणी बाहेरून येईल अशी आशा धरू नये. तो आपणच जपावयाचा आहे.

त्यासाठी चार साध्या गोष्टी सुचवितो. अल्बम फाडू नका, चित्रे वाटून घेऊ नका. वाटायचीच असतील तर आधी प्रत्येक पानाचे सबंध चित्र काढून ठेवा, म्हणजे क्रम व मजकूर राहील. हल्ली ते काम हातातील फोननेही होते. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पुढील बाजूस उतरते. चिकट पारदर्शक कागदाच्या अल्बमांत जुनी चित्रे घालू नका, आणि ओल्या भिंतीशी असलेल्या कपाटात ती ठेवू नका. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : घरातील वडीलधाऱ्यांजवळ अल्बम घेऊन बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारा. आजी सांगेल, ‘ही आपली दगडूबाई, तुझ्या बाबांना हिनेच खेळवले.’ ते नाव त्याच क्षणी लिहा. उद्या विचारू म्हटले की प्रश्न उरतो, उत्तर देणारे माणूस उरत नाही.

हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे शेवटी कबूल केले पाहिजे. १९६६ सालचे आमच्या शालान्त वर्गाचे समूहचित्र माझ्यापाशी आहे. त्याखाली एका दुपारी मी स्वतः सुवाच्य अक्षरात सर्वांची नावे लिहिली. खुर्च्यांवर बसलेले शिक्षक, मागे उभे असलेले आम्ही, पुढे जमिनीवर बसलेले धाकटे. उजव्या टोकाला, घंटेच्या खांबाला टेकून आमचे शिपाईमामा उभे आहेत. सकाळी फाटक तेच उघडीत, उशीर झालेल्याला मागच्या दाराने हळूच आत घेत, परीक्षेच्या दिवशी घाबरलेल्या मुलाला माठातले पाणी तेच देत. त्यांच्यापुढे मी काहीच लिहिले नाही. त्या दुपारी मला त्यांचे नाव ठाऊक होते. लिहावे असे सुचले नाही. आज लिहावेसे वाटते तर ते आठवत नाही. पनामातील त्या कारकुनाला दोष देताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

ते चित्र मी आज बरोबर आणले आहे आणि सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवले आहे. शेजारी एक मऊ पेन्सिल आहे. आपल्यापैकी कोणाला मामांचे नाव आठवत असेल, किंवा त्यांच्या मुलाबाळांचा ठावठिकाणा माहीत असेल, तर जाण्यापूर्वी कृपा करून मागील बाजूस ते लिहावे. गुरुजींच्या प्रश्नाला एवढे एक उत्तर जरी आज मिळाले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.